सरकारी कार्यालयासाठी संगणक आणि सॉफ्टवेअर खरेदी: मागणीपत्रापासून निर्लेखनापर्यंत

भांडार शाखेचा किंवा ई-गव्हर्नन्स कक्षाचा कार्यभार पहिल्यांदाच हाती आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी हा लेख आहे. समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवू. एका जिल्हास्तरीय कार्यालयाला २५ डेस्कटॉप संगणक, तेवढेच यूपीएस, ५ प्रिंटर आणि नागरिकांच्या अर्जांचा मागोवा ठेवणारे एक सॉफ्टवेअर घ्यायचे आहे.

राज्य कार्यालयांसाठी मूळ चौकट म्हणजे उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने लागू झालेली खरेदीची नियमपुस्तिका आणि तिच्यात नंतर झालेल्या सुधारणा. केंद्राच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू आहेत. दोन्हींतले आकडे वेगळे असले तरी कामाचा क्रम जवळपास सारखाच आहे. प्रस्ताव लिहिण्याआधी आपल्या विभागाचा चालू शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या. जुन्या नस्तीतली छायाप्रत पाहून मर्यादा लिहिल्या, की लेखापरीक्षणात पहिला आक्षेप त्याच ओळीवर येतो.

सरकारी संगणक खरेदी फसते तेव्हा बहुतेक वेळा दोनच कागद कच्चे निघतात: तांत्रिक तपशील आणि स्वीकृती अहवाल. मधली प्रक्रिया कितीही काटेकोर असली तरी हे दोन कागद ढिले असतील तर नियमात बसणारी पण कामाची नसलेली यंत्रे कार्यालयात येतात. म्हणून या दोन पायऱ्यांवर इथे जास्त लिहिले आहे.

पायरी १: गरज मोजा

आधी जडसंग्रह नोंदवही (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) घ्या आणि प्रत्येक टेबलावर जाऊन यंत्र पाहा. अनुक्रमांक, खरेदीचे वर्ष, प्रोसेसर, रॅम, डिस्कचा प्रकार आणि सध्याचा वापरकर्ता अशी यादी करा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे कोणते यंत्र विंडोज ११ वर जाऊ शकते हा रकाना हवाच. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असेल, तर ते यंत्र बदलण्याची घाई नको. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम १६ जीबी केली, की असे यंत्र कार्यालयीन कामाला आणखी काही वर्षे व्यवस्थित चालते. २५ ची मागणी इथेच १८ वर येऊ शकते.

मग जागा पाहा. २५ संगणक आणि ५ नेटवर्क प्रिंटर म्हणजे ३० जोडण्या; २४ पोर्टचा एक नेटवर्क स्विच त्याला पुरत नाही. वरच्या मजल्याला जाणारी जोडणी आणि पुढची वाढ धरून ४८ पोर्टचा एक किंवा २४ चे दोन स्विच लागतात. स्विचपासून यंत्रापर्यंतची तांब्याची केबल १०० मीटरच्या आत हवी. अर्थिंग तपासून घ्या: इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो ३ व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरिंग दुरुस्त करा. प्लग पॉइंट किंवा लॅन पॉइंट नाही म्हणून खोक्यातच राहिलेल्या यंत्रांची वॉरंटी खोक्यातच संपते.

पायरी २: तरतूद आणि मान्यता

संगणकांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि कोणत्या उद्दिष्टातून (खर्चाच्या प्रकारातून) पडणार हे लेखा शाखेला लेखी विचारा. राज्यात १३-कार्यालयीन खर्च आणि १७-संगणक खर्च ही वेगळी उद्दिष्टे आहेत. एकातला निधी परस्पर दुसऱ्यावर खर्ची टाकता येत नाही. बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर, अनुदान प्रत्यक्ष वितरित झालेले दिसते आहे का, ते पाहा. अर्थसंकल्पात तरतूद असणे आणि रक्कम हातात असणे यांत बरेच अंतर असते.

प्रशासकीय मान्यता कोण देऊ शकतो हे वित्तीय अधिकार नियमपुस्तिका आणि विभागाचे आदेश यांवरून ठरते. प्रस्तावाला गरजेची यादी, अंदाजपत्रक, तरतुदीचा दाखला आणि तांत्रिक तपशिलाचा मसुदा जोडा. तांत्रिक मान्यता लागत असेल तर त्या कार्यालयाकडे त्याच दिवशी पाठवा, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे जातो.

अंदाजपत्रक करताना तीन ठिकाणचे दर घ्या: जेम या सरकारी ई-बाजारपेठेवरचे चालू दर, गेल्या सहा महिन्यांत दुसऱ्या कार्यालयाने दिलेला पुरवठा आदेश आणि किमान तीन उत्पादकांची दरपत्रके. संगणकांवर १८ टक्के जीएसटी आहे. दर करासह की कराशिवाय, हे प्रत्येक ओळीत लिहा. ऑपरेटिंग सिस्टिम, ऑफिस सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, लॅन आणि तीन वर्षांचे टोनर यांची बेरीज बहुतेक अंदाजपत्रकांत नसते. मग यंत्रे येतात आणि परवान्यांसाठी नवा प्रस्ताव फिरवावा लागतो.

हे सगळे सप्टेंबरपर्यंत उरका. वित्त विभाग आर्थिक वर्षाच्या शेवटच्या टप्प्यात नव्या खरेदी प्रस्तावांवर निर्बंध आणणारी परिपत्रके काढतो. शिवाय मार्चमध्ये सगळीच कार्यालये एकदम मागणी करतात, पुरवठादार घाईत माल टाकतात आणि तपासणीला कोणाकडेच वेळ नसतो.

पायरी ३: खरेदीचा मार्ग

तयार वस्तूंसाठी पहिला मार्ग म्हणजे जेम, ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेली सरकारी ई-बाजारपेठ. तिच्यात तीन टप्पे आहेत. छोट्या रकमेपर्यंत थेट खरेदी. त्यापुढे ठरावीक मर्यादेपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराने खरेदी. त्याच्याही वर बोली किंवा उलटा लिलाव, म्हणजे पुरवठादारांनी दर उतरवत नेण्याची स्पर्धा. केंद्राच्या नियमांत या मर्यादा आधी २५ हजार आणि ५ लाख होत्या, त्या पुढे ५० हजार आणि १० लाख झाल्या. राज्य कार्यालयाने मात्र आपल्या विभागाचे आदेशच धरायचे.

जेमवर एकच माणूस सगळे करू शकत नाही. मागणी करणारा खरेदीदार, माल ताब्यात घेणारा आणि देयक काढणारा अशी वेगळी खाती असतात, ती कार्यालयप्रमुखाच्या प्राथमिक खात्यातून तयार होतात. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या नावाने खाते तसेच राहिले, तर बोली उघडायच्या दिवशी ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. कार्यभार घेतल्याच्या आठवड्यातच खाती हस्तांतरित करा.

सॉफ्टवेअर तयार करून घेणे, डेटा सेंटरचे काम, मोठे नेटवर्क यांसाठी बहुधा स्वतंत्र निविदा लागते; राज्यात ती महाटेंडर्स पोर्टलवर निघते. केंद्राच्या खरेदीदाराला जेमबाहेर जायचे असेल तर ती वस्तू तिथे उपलब्ध नसल्याचा पोर्टलचा अहवाल क्रमांकासह नस्तीत लावावा लागतो.

मर्यादा चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे कधीच करू नका. २५ संगणकांचे पाच-पाचचे पाच आदेश एकाच महिन्यात दिसले, की लेखापरीक्षकाला दुसरे काही शोधावे लागत नाही. सामान्य वित्तीय नियमांत याला स्पष्ट मनाई आहे. आणि खरे नुकसान पैशाचे आहे, कारण मोठ्या संख्येला मिळणारा दर हातचा जातो.

पायरी ४: तांत्रिक तपशील

इथे दोन दिवस जास्त द्या. नियम सोपा आहे: प्रत्येक ओळ माल आल्यावर मोजून किंवा पाहून तपासता आली पाहिजे. ‘चांगल्या दर्जाचा’, ‘अद्ययावत’, ‘नामांकित कंपनीचा’ हे शब्द खोडून टाका.

प्रोसेसर. नुसते ‘आय५’ लिहिले तर कितीतरी जुन्या पिढीचा आय५ देऊनही पुरवठादार अट पूर्ण केल्याचे म्हणू शकतो. सहाव्या आणि बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप आय५ मध्ये एकत्रित वेगाचा फरक सुमारे तिपटीचा आहे. पिढी आणि गाभ्यांची (कोअरची) संख्या लिहा. एकाच कंपनीचे नाव लिहिल्याने स्पर्धा बंद होते. त्याऐवजी सर्वमान्य चाचणीतला किमान गुणांक आणि तो कोणत्या तारखेचा धरायचा हे लिहिले, तर इंटेल आणि एएमडी दोघांनाही दार उघडे राहते.

रॅम. १६ जीबी, प्रकार डीडीआर४ की डीडीआर५, किती पट्ट्यांत आणि किती खाचा मोकळ्या. ८ जीबीच्या दोन पट्ट्या एका १६ च्या पट्टीपेक्षा वेगवान चालतात. पण बोर्डावर दोनच खाचा असतील तर पुढे रॅम वाढवताना त्या दोन्ही काढून टाकाव्या लागतात. साध्या कार्यालयीन कामाला एक पट्टी आणि एक मोकळी खाच हेच आम्हाला योग्य वाटते.

डिस्क. ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी असे पूर्ण लिहा. नुसते ‘५१२ जीबी’ म्हटले तर फिरती डिस्कही येऊ शकते, ‘एसएसडी’ एवढेच म्हटले तर सॅटा प्रकारची हळू डिस्क येते.

ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ११ प्रोफेशनल, कारखान्यातून बसवलेली. होम आवृत्ती कार्यालयाच्या डोमेनला जोडता येत नाही, आणि हे यंत्र टेबलावर लागल्यावरच लक्षात येते. लिनक्स चालणार असेल तर तेही लिहा. केंद्राचे २०१५ चे धोरण मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायला सांगते.

मॉनिटर. २१.५ इंच किंवा मोठा, १९२० गुणिले १०८०, आयपीएस पॅनल, संगणकाच्याच उत्पादकाचा. मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा आला तर वॉरंटीसाठी दोन दारे ठोठावावी लागतात.

कीबोर्ड. इनस्क्रिप्ट मांडणीची देवनागरी अक्षरे कोरलेली हवीत. छापलेले स्टिकर सहा महिन्यांत निघतात.

यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. साध्या यूपीएसची खरी क्षमता बहुतेकदा ३६० वॅटच्या आसपास असते. म्हणून वॅटही लिहा आणि ‘एक संगणक व मॉनिटर चालू असताना किमान १० मिनिटे’ ही अट घाला. बॅटरीची वॉरंटी यूपीएसपेक्षा कमी असते, ती वेगळी मागा.

प्रिंटरचा तपशील सर्वांत जास्त चुकतो, कारण सगळे यंत्राची किंमत पाहतात. समजा पहिला प्रिंटर १२,००० रुपयांचा आहे आणि त्याचा ४,००० रुपयांचा टोनर १,५०० पानांना पुरतो. दुसरा २२,००० रुपयांचा, टोनर ५,००० रुपयांचा, पण ६,००० पानांना पुरणारा. महिन्याला ५,००० पाने धरली तर तीन वर्षांत १,८०,००० पाने होतात. पहिल्याला १२० टोनर, म्हणजे ४,८०,००० रुपये. दुसऱ्याला ३० टोनर, म्हणजे १,५०,००० रुपये. यंत्रासह बेरीज ४,९२,००० आणि १,७२,०००. म्हणून निविदेतच लिहा की तुलना यंत्र आणि ठरावीक पानांचे टोनर मिळून होईल. हे आधी लिहिले नाही, तर नंतर स्वस्त यंत्रालाच आदेश द्यावा लागतो. सोबत येणारा टोनर पूर्ण भरलेला असावा, हीही ओळ हवी. सुरुवातीचे टोनर पुष्कळदा अर्धवट क्षमतेचे असतात.

वॉरंटी. ‘३ वर्षे’ पुरेसे नाही. ‘उत्पादकाची, कार्यालयात येऊन, तक्रारीनंतर पुढच्या कामाच्या दिवशी’ असे लिहा. तालुक्याची ठिकाणे असतील तर त्यांची नावे घाला, नाहीतर सेवा जिल्ह्याच्या गावापुरतीच मिळते. बिघडलेली डिस्क कार्यालय स्वतःकडेच ठेवेल, ही अट नागरिकांच्या माहितीसाठी अत्यावश्यक आहे. तिच्याशिवाय वॉरंटीत बदललेली डिस्क डेटासह कंपनीकडे जाते.

संगणक, मॉनिटर, प्रिंटर आणि पॉवर अॅडॉप्टर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. लेबलवर मानकाची खूण आणि ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बोलीच्या कागदांत मागा आणि ब्युरोच्या पोर्टलवर पडताळा.

पायरी ५: पात्रता आणि अटी

पात्रता कामाच्या आकाराला शोभेल एवढीच ठेवा. पूर्वानुभवासाठी केंद्रीय दक्षता आयोगाचे जुने प्रमाण बहुतेक जण वापरतात: अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन कामे, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक, आणि वार्षिक उलाढाल किमान ३० टक्के. १५ लाखांच्या खरेदीला १० कोटींची उलाढाल मागितली तर जिल्ह्यातला एकही पुरवठादार भाग घेऊ शकत नाही. मग दोन-तीनच बोली येतात, त्याही चढ्या दराच्या.

बयाणा रक्कम, म्हणजे बोलीसोबत भरायची अनामत, केंद्राच्या नियमांत अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के आहे. राज्यासाठी आपली नियमपुस्तिका पाहा. केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते, आणि त्यांची बोली न्यूनतम दराच्या १५ टक्के वरपर्यंत असेल तर न्यूनतम दर मान्य करून काही मागणी त्यांना मिळवता येते. इथे नवख्याची ठरलेली चूक होते: ही सवलत उत्पादक आणि सेवा पुरवठादारांना आहे. उद्यम नोंदणी असली तरी नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला ती मिळत नाही.

मेक इन इंडियाच्या २०१७ च्या आदेशात किमान ५० टक्के स्थानिक मूल्यवाढ असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात आणि २० ते ५० टक्क्यांचा दुसऱ्या वर्गात मोडतो. भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांना जुलै २०२० पासून आधी नोंदणी करावी लागते. या दोन्हींची प्रमाणपत्रे बोलीसोबतच मागा.

उशिराचा दंड: दर आठवड्याला उशिरा आलेल्या मालाच्या किमतीच्या ०.५ टक्के, कमाल १० टक्के, हे जेमवरचे प्रमाण स्वतंत्र निविदेतही चालते.

पायरी ६: निविदा

केंद्राच्या नियमांत जाहीर निविदेला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी निविदापूर्व बैठक ठेवा. आलेल्या प्रत्येक शंकेला लेखी उत्तर द्या आणि बदल झाला तर शुद्धिपत्रक पोर्टलवरच टाका. शुद्धिपत्रक मोठे असेल तर मुदत वाढवा. शेवटच्या दिवशी अट बदलून त्याच संध्याकाळी बोली बंद करणे न्यायालयात टिकत नाही.

बोली दोन लिफाफ्यांत येते: तांत्रिक आणि वाणिज्यिक, म्हणजे दराचा. तांत्रिक लिफाफा समितीने उघडायचा, निविदेतल्या अटी एका तक्त्यात उभ्या आणि बोलीदार आडवे मांडायचे, आणि प्रत्येक चौकोनात ‘पृष्ठ क्रमांक अमुक, पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण, कारण’ लिहायचे. निविदेत नव्हती ती अट इथे लावायची नाही, होती ती कोणालाही माफ करायची नाही. अपात्र ठरलेल्यांना कारण कळवल्यावरच वाणिज्यिक लिफाफा उघडा. समितीतल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षरीची मुदत आठवडाभर आधी तपासा. डोंगल कालबाह्य झाल्यामुळे उघडणी पुढे ढकलली जाण्याचे प्रकार नेहमी घडतात.

एकच बोली आली म्हणून ती आपोआप बाद होत नाही. पुरेसा वेळ दिला होता का, अटी जाचक होत्या का आणि दर वाजवी आहे का, हे नोंदवून समिती निर्णय घेऊ शकते. आधी अटी पुन्हा वाचा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.

पायरी ७: सॉफ्टवेअरसाठी वेगळी तयारी

संगणक खोक्यातून बाहेर येतो. सॉफ्टवेअर आदेश दिल्यानंतर घडते. त्यामुळे इथे न्यूनतम दर हा एकमेव निकष धोक्याचा आहे. गुणवत्ता आणि किंमत मिळून निवड करायची तर दोन्हींचे भार, म्हणजे कशाला किती टक्के महत्त्व, आधी जाहीर करावे लागतात. समजा ‘अ’ ला तांत्रिक ९० गुण आणि दर ६० लाख. ‘ब’ ला ७५ गुण आणि दर ५० लाख. सर्वांत कमी दराला १०० गुण धरले तर ‘अ’ चे आर्थिक गुण ८३.३३ होतात. तांत्रिक भार ३० टक्के असेल तर ‘अ’ ८५.३३ आणि ‘ब’ ९२.५०; तांत्रिक भार ७० टक्के असेल तर ‘अ’ ८८ आणि ‘ब’ ८२.५०. भार बदलला की विजेता बदलतो. केंद्राच्या २०२१ च्या सूचनांनी सल्लागार नसलेल्या सेवांसाठी हा गुणवत्तेचा भार कमाल ३० टक्के ठेवला आहे. म्हणून तिथे खरी चाळण तांत्रिक पात्रतेच्या किमान गुणांवर लावावी लागते.

निविदेत पुढच्या गोष्टी नसतील तर नंतर त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात:

- कामाची व्याप्ती प्रत्येक पडद्यागणिक: कोणता अर्ज, कोण तपासतो, किती दिवसांत, कोणते अहवाल निघतात.
- जुन्या नोंदींचे स्थलांतर: किती नोंदी, कोणत्या स्वरूपात. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देण्याची आणि तपासण्याची जबाबदारी कोणाची.
- डेटा, स्रोत संहिता (सोर्स कोड) आणि पासवर्ड यांवर कार्यालयाचा हक्क. करार संपताना ते किती दिवसांत आणि कोणत्या रूपात सुपूर्द करायचे.
- बदलाच्या मागणीचा प्रति मनुष्यमहिना दर आजच ठरवलेला.
- सर्व्हर कुठे: राज्याच्या डेटा सेंटरमध्ये की केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या यादीतल्या क्लाउडवर.
- सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी, आणि तिचा खर्च कोण देणार.

मराठीची चाचणी स्वीकृतीत लेखी घाला. शोध खिडकीत ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ वेगळे राहतात का, ‘ॲ’ असलेले नाव पीडीएफमध्ये नीट छापले जाते का, ‘ळ’ असलेल्या शब्दांची आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ ची अनुक्रमवारी बरोबर लागते का, एका माणसाने इनस्क्रिप्टने आणि दुसऱ्याने मोबाइलवरून टंकलेले तेच नाव शोधात सापडते का. हे आधी सांगितलेले नसेल तर विकसक ते व्याप्तीबाहेरचे काम म्हणतो, आणि नागरिकाला स्वतःचाच अर्ज सापडत नाही.

उपलब्धतेचा टक्का लिहिताना तासांत हिशेब करा. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. ९९ टक्के म्हणजे ७.२ तास बंद राहण्याची मुभा, ९९.५ टक्के म्हणजे ३.६ तास. तो वेळ कार्यालयीन वेळेत मोजायचा की चोवीस तासांत, हे स्पष्ट करा. मोजणारे साधन पुरवठादाराच्या हातात एकट्याच्या नको.

पैसे टप्प्यांनी द्या आणि प्रत्यक्ष वापर सुरू होईपर्यंत अर्ध्याहून जास्त रक्कम हातची सोडू नका. आराखडा मंजूर झाला की १० टक्के, चाचणी आवृत्तीला २०, सुरक्षा तपासणी पूर्ण होऊन वापर सुरू झाल्यावर ४०, आणि उरलेले ३० टक्के देखभालीच्या तिमाही हप्त्यांत, अशी विभागणी मध्यम आकाराच्या कामाला जमते.

पायरी ८: माल आला, आता घाई नको

जेमवर माल पोहोचल्यावर ४८ तासांत तात्पुरती पोच आणि त्यानंतर १० दिवसांत तपासून स्वीकृती किंवा नकार नोंदवायचा असतो. तपासणी समितीचा आदेश माल यायच्या आधीच काढून ठेवा, म्हणजे दहा दिवस सहीच्या वाटेवर जात नाहीत.

तपासणी अशी करा. खोक्यावरचा, यंत्रावरचा आणि बायोसमधला अनुक्रमांक जुळवा. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीचा प्रकार आणि शेवटची तारीख पाहा. वॉरंटी पुष्कळदा माल वितरकाकडे गेल्या दिवसापासून चालू झालेली असते. तीन वर्षांऐवजी दोन वर्षे सात महिने दिसले तर स्वीकृतीआधीच दुरुस्त करून घ्या. स्वीकृतीनंतर कोणी दाद देत नाही.

प्रत्येक यंत्र सुरू करा. ‘एमएसइन्फो३२’ मध्ये प्रोसेसर आणि रॅम, ‘विनव्हर’ मध्ये विंडोजची आवृत्ती, ‘टीपीएम.एमएससी’ मध्ये टीपीएम २.०, टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या खाचा आणि डिस्कचा प्रकार दिसतो. सेटिंग्जमध्ये विंडोज सक्रिय झाल्याचे पाहा. २५ पैकी तीन यंत्रे पुरवठादाराच्या माणसासमोर उघडा आणि आतले भाग ताडून पाहा. यूपीएसला संगणक जोडून मुख्य वीज काढा, घड्याळ लावा आणि मिनिटे लिहा. बॅटरीवरची उत्पादनाची तारीखही टिपा, कारण गोदामात वर्षभर पडलेली बॅटरी पहिल्याच उन्हाळ्यात दगा देते. प्रिंटरवर ५० पाने दोन्ही बाजूंनी सलग काढा.

निविदेतली ओळ डावीकडे, प्रत्यक्ष आढळलेले उजवीकडे, अशा तक्त्यात अहवाल लिहा. ‘माल सुस्थितीत मिळाला’ एवढ्या एका वाक्याचा अहवाल पुढच्या सगळ्या तक्रारींत कार्यालयाच्याच विरोधात जातो. २० यंत्रे बरोबर आणि ५ चुकीची असतील तर २० स्वीकारा, ५ कारणासह नाकारा. त्या पाचांच्या डिस्कमध्ये कार्यालयाचे काहीही भरू नका.

पायरी ९: देयक

समजा एक संगणक करापूर्वी ५०,००० रुपयांचा. २५ चे १२,५०,०००, जीएसटी २,२५,०००, एकूण १४,७५,०००. कराराचे करापूर्व मूल्य २.५ लाखांच्या वर असल्याने जीएसटीची २ टक्के उद्गम कपात (टीडीएस) लागते. राज्यातल्या राज्यात पुरवठा असेल तर १ टक्का केंद्राचा आणि १ टक्का राज्याचा. ती करापूर्व रकमेवर काढायची: २५,००० रुपये. एकूण रकमेवर काढली तर पुरवठादाराशी हिशेब जुळत नाही आणि विवरणपत्र दुरुस्त करत बसावे लागते. नाकारलेली ५ यंत्रे तीन आठवडे उशिरा बदलून मिळाली तर त्यांच्या २,९५,००० रुपयांवर १.५ टक्के, म्हणजे ४,४२५ रुपये दंड वसूल होतो.

सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे स्वीकृतीपासून कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होते. लहान पुरवठादाराचा पैसा अडकला की पुढच्या वेळी तो बोली लावत नाही, किंवा उशीर धरून दर लावतो.

पायरी १०: खरेदीनंतर

जडसंग्रह नोंदवहीत प्रत्येक यंत्राची स्वतंत्र ओळ: अनुक्रमांक, वॉरंटीची शेवटची तारीख, कोणाच्या टेबलावर. वॉरंटी संपण्याच्या तीन महिने आधी सगळ्या यंत्रांची एक फेरी काढा आणि सुटलेल्या बारीक तक्रारी तेव्हाच नोंदवा. पुरवठादाराची सुरक्षा अनामत वॉरंटी संपल्यावरच परत करा. बँक हमी असेल तर तिची मुदत त्यापुढेही दोन महिने असावी, कारण मुदत संपलेल्या हमीवर दावा करता येत नाही.

बदललेली जुनी यंत्रे निर्लेखनाला पाठवताना डिस्क आधी काढा. नुसते फॉरमॅट केलेल्या डिस्कमधून माहिती परत मिळवता येते. पुसण्याच्या साधनाने पूर्ण पुसा किंवा समितीसमोर छिद्र पाडून निकामी करा आणि अनुक्रमांकासह पंचनामा करा. उरलेले यंत्र १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावे लागते, साध्या भंगार लिलावात ते काढता येत नाही. त्या पुनर्चक्रण केंद्राची नोंदणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पडताळा, वजनाची पावती घ्या आणि ती निर्लेखनाच्या नस्तीला लावा.